सकाळी रुसणारा हात

चितारींच्या घरात आठवडाभर एकच कोडं घोळत होतं. आजोंचा (आजोबांचा) नवा हात सकाळी रुसायचा आणि दुपारी हसायचा.

आता हात कसा रुसेल, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. आज जी मुलं दुसरीत आहेत, त्यांच्या मुलांच्या वेळची म्हणा. सावंतवाडीत तेव्हाही लाकडी खेळणी बनत होती आणि आजोंसारखा, म्हणजे जगन्नाथ चितारींसारखा, भोवरा आख्ख्या गल्लीत कुणाला जमत नव्हता. लेथवर (लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) लाकूड चढवायचं, दोन्ही हातांनी पटाशी धरून त्याला आकार द्यायचा, मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवायची. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर रंगाचं कडं उमटतं. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं. मग दोन वर्षांपूर्वी घाटात टेम्पो उलटला आणि त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटं एवढाच उरला.

तेव्हापासून लेथवर फडकं टाकलेलं होतं. आजो ते काढू देत नसत आणि त्याच्याकडे बघतही नसत. दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. त्यांची अकरा वर्षांची नात केतकी रोज हे बघायची.

म्हणून जिल्ह्याच्या पुनर्वसन केंद्रातून कृत्रिम हात मिळाला, तेव्हा घरात सणच झाला. हात मोठा गुणी होता. मनात मूठ मिटायचं आणलं, की मूठ मिटायची. केंद्रात तर त्याने पहिल्याच झटक्यात पेला उचलला. पण घरी आणल्यापासून त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी आठला आजो तो चढवत, तर बोटं हलायचं नाव नाही. दुपारी जेवणानंतर चढवला, की तोच हात वाटाणे सोलून द्यायला तयार.

हाताबरोबर केंद्राने एक यंत्रमानवही पाठवला होता. तीन फूट उंच, दोन चाकांचा, डब्यासारखा गुळगुळीत. हात रोज किती चालला याच्या नोंदी तो ठेवायचा, म्हणून आजोंनी त्याचं नाव टिपणीस ठेवलं होतं. टिपणीस फार शहाणा आणि फार सभ्य होता, पण भीडभाड म्हणून नव्हती त्याला. चौथ्या दिवशी त्याने आजोंना सांगून टाकलं, की जगन्नाथराव, हाताला मिळणारा संदेश क्षीण आहे, अर्थात तुमचे स्नायू कमकुवत आहेत.

आजोंचं डोकंच फिरलं. "पन्नास वर्सां पटाशी धरलेलो हात हो," ते म्हणाले. "ह्याका कमजोर म्हणणारो अजून जन्माक येवचो आसा."

टिपणीसने तेही लिहून घेतलं.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती. शनिवारी सकाळी दहाला केंद्राच्या पालयेकर मॅडम तपासणीला येणार होत्या. हात चालला तर आजोंचा, नाही चालला तर परत. कारण असे हात थोडे होते आणि रांग लांब होती, जो वापरू शकत नाही त्याच्याकडे तो पडून राहून चालणार नव्हतं. आणि तपासणी नेमकी सकाळची! केतकीने मॅडमना फोन करून दुपारी येता का म्हणून विचारलंही. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, की बाळा, हात दिवसभर चालायला हवा, अर्धा दिवस चालणारा हात काय कामाचा. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार उलटून गेला होता. केतकीने वही उघडली आणि कंबर कसली.

तिचा पहिला अंदाज असा, की हात जेवणानंतर चालतो, म्हणजे आजोंच्या अंगात सकाळी ताकद नसते. आजोंनी या अंदाजाला मनापासून पाठिंबा दिला. मंगळवारी सकाळी त्यांनी पाच आंबोळ्या आणि वाटीभर उसळ खाल्ली, वर पेज प्यायली आणि हात चढवला. हात ढिम्म. बुधवारी सात आंबोळ्या झाल्या. हात तरीही ढिम्म. आजोंच्या मते हा प्रयोग अजून दोन-चार दिवस चालवायला हरकत नव्हती, पण आईने तवाच उचलून ठेवला.

मग केतकी टिपणीसला अंगणात घेऊन गेली आणि तिने त्याला सरळ विचारलं, की हाताला संदेश मिळतो म्हणजे नक्की काय मिळतं. कोण पाठवतं? कशातून?

"वीज मिळते," टिपणीस म्हणाला. "तुझ्या आजोंच्या अंगातली."

केतकीला वाटलं, हा आता आपली फिरकी घेतोय. अंगात वीज असती तर माणूस विहिरीत उतरल्यावर सगळ्यांना शॉक बसला असता. पण टिपणीसला चेष्टा करता येत नसे, त्याला ती शिकवलेलीच नव्हती. तो कुंपणाशी गेला आणि तिथल्या लाजाळूच्या एका पानाच्या टोकाला त्याने हळूच स्पर्श केला. टोकाची पानं मिटली, मग त्यांच्यामागची जोडी, मग त्यामागची, असं करत मिटणं देठापर्यंत पळत गेलं. टिपणीस म्हणाला, की हे जे पळत गेलं ना, ती विजेची लाट होती. झाडात ती रांगते, प्राण्यांच्या अंगात धावते. काही मज्जातंतूंमध्ये (मेंदूचे निरोप नेणाऱ्या धाग्यांमध्ये) तर सेकंदाला शंभर मीटर.

मग त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि केतकीने ते वहीत उतरवून घेतलं.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. मध्ये पेशीपटल (पेशीभोवतीचा अतिशय पातळ पडदा). हे पाणी साधं नाही, खारं आहे. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात. पेशीच्या पडद्यात छोटे छोटे पंप बसवलेले असतात. ते अहोरात्र एकच काम करतात: तीन सोडियम बाहेर ढकलायचे, दोन पोटॅशियम आत ओढायचे. त्यामुळे बाहेर सोडियमची गर्दी आणि आत पोटॅशियमची. त्यातले थोडे पोटॅशियम बाहेर झिरपतात आणि जाताना आपला धनभार घेऊन जातात. म्हणून पेशीची आतली बाजू जराशी ऋण होते. किती, तर साधारण सत्तर मिलिव्होल्ट (एका व्होल्टचे हजार भाग केले, तर त्यातले सत्तर). टॉर्चच्या एका सेलच्या विसाव्या भागाएवढी वीज.

"एवढीशीच?" केतकी म्हणाली.

एवढीशीच, पण प्रत्येक पेशीत, टिपणीसने सांगितलं. समुद्रात एक वीजमासा असतो, त्याच्या अंगात अशा चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. सगळ्या एकदम कामाला लागल्या, की माणूस ओरडेल असा झटका बसतो. आपल्या पेशी तशा रचलेल्या नाहीत, म्हणून विहिरीत कुणाला काही होत नाही.

आता निरोप कसा जातो? पडद्यात दारं असतात. मेंदूने मूठ मिट म्हटलं, की मज्जातंतूच्या सुरुवातीचं दार उघडतं आणि बाहेर ताटकळलेले सोडियम आत घुसतात. क्षणभर आतली बाजू धन होते. त्या बदलाने पुढचं दार उघडतं, त्याने त्याच्या पुढचं. मागे पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. लाट स्नायूपर्यंत पोचली, की तीच धमाल स्नायूच्या पेशींमध्ये होते आणि स्नायू आखडतो. आजोंचा पंजा गेला, पण तो हलवणारे स्नायू कोपराखाली अजून आहेत. मेंदू अजूनही त्यांना निरोप पाठवतो आणि ते अजूनही मनापासून आखडतात. त्या विजेची पुसट खूण कातडीवर उमटते. नव्या हाताच्या आत धातूच्या चकत्या आहेत, त्या कातडीला टेकून ही खूण टिपतात आणि हाताच्या मोटारला कामाला लावतात.

केतकीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. दोन वर्षं आजोंचा मेंदू रोज हाताला हाका मारत होता आणि हातही ओ देत होता, फक्त ती ऐकायला कुणी नव्हतं. तिला एकदम रडू आलं. टिपणीसने विचारलं, की डोळ्यांतून खारं पाणी का येत आहे, त्याची नोंद करू का. केतकीने त्याला गप्प राहायला सांगितलं.

गुरुवारी टिपणीसच्या सल्ल्याने आजोंना व्यायाम करायला लावला. स्नायू कमकुवत आहेत हे त्याचं पालुपद चालूच होतं. सकाळी लवकर आजोंनी अंगणाला वीस फेऱ्या मारल्या, केतकीही बरोबर पळाली. दोघंही घामाघूम झाली. मग हात चढवला. ढिम्म म्हणजे ढिम्म. आजोंनी तो काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, की शनिवारची वाट कशाला बघायची, आजच पाठवून द्या. ज्याला चालतो त्याला तरी मिळू दे.

त्यांचा आवाज अगदी साधा होता, रागाचा टिपूससुद्धा नव्हता, आणि म्हणूनच केतकीला जास्त भीती वाटली. ती त्यांच्या उरलेल्या उजव्या हातावरून नुसता हात फिरवायला गेली. आणि थबकली. तिच्या स्वतःच्या हातावर घाम पसरून सगळी कातडी ओली झाली होती. आजोंच्या हातावर मात्र घामाचे थेंब सुटे सुटे, गोल गोल उभे होते, अळवाच्या पानावर पाणी उभं राहतं तसे.

"आजो," तिने हळूच विचारलं, "तुम्ही हाताला काय लावलंत?"

आजोंना प्रश्नच कळला नाही. काय लावणार? तेल लावलंय, दुसरं काय. नारळाचं. रोज पहाटे लावतात, दोन्ही हातांना, कोपरापर्यंत. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम होता तो. गरम लाख उडाली तर चिकटत नाही आणि पटाशीने घट्टे पडत नाहीत. लेथ बंद पडला, हात गेला, पण नेम काही मोडला नव्हता. दुपारी काम आटपल्यावर साबण लावून आंघोळ आणि मग जेवण, हाही नेमच.

केतकी धावतच घरात गेली. तिने खेळण्यातली चौकोनी बॅटरी घेतली, एक छोटा लाल एलईडी दिवा घेतला, तारा घेतल्या आणि ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. एका वाटीत मिठाचं पाणी, दुसरीत खोबरेल. बॅटरी आणि दिवा एका बाजूने जोडले, आणि बॅटरीची उरलेली तार आणि दिव्याची उरलेली तार अशी दोन टोकं मिठाच्या पाण्यात शेजारी शेजारी बुडवली. लाल दिवा लागला. तीच टोकं पुसून तेलात बुडवली. दिवा विझलेलाच राहिला. तिने पुन्हा केलं, मग आईला बोलावून पुन्हा केलं.

आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. तारेतली वीज धातूतून जाते, पण अंगातली वीज म्हणजे पाण्यात पोहणारं मीठच की. आयनांना पोहायला पाणी लागतं. कातडी जराशी ओलसर, घामट असली, की वीज चकतीपर्यंत पोचते. तेलात मीठ विरघळत नाही, मग आयन पोहतील कसे? आजोंचा स्नायू ओरडत होता आणि आपण त्याच्या तोंडावर रोज सकाळी उशी दाबत होतो. दुपारी आंघोळीत साबणाने तेल जायचं आणि हात बोलायला लागायचा. आंबोळ्यांचा काही संबंधच नव्हता. केंद्रात पहिल्याच झटक्यात कसा चालला होता? तिथे हात बसवण्याआधी त्यांनी कातडी स्पिरिटने पुसली होती.

टिपणीसने आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या. मग त्याने जाहीर केलं, की स्नायू कमकुवत असल्याची आपली नोंद चुकीची होती आणि जगन्नाथरावांची आपण क्षमा मागतो. त्याला शिकवणाऱ्यांनी तेलाचा उल्लेखच केला नव्हता. आजोंनी त्याला उदार मनाने माफ केलं, पण तेलाचं मात्र ऐकेनात.

"तेल लावल्याशिवाय माझ्या बापाशीन कधी लेथाक हात लावल्यान नाय," एवढंच ते म्हणाले आणि उठून आत गेले.

शुक्रवारी त्यांनी हाताला काहीच करून बघू दिलं नाही. केतकीनेही हट्ट धरला नाही. वडिलांनी दिलेली गोष्ट सोडायची म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या मुलीलाही कळतं. तिने फक्त त्या दोन वाट्या ओट्यावर तशाच राहू दिल्या. संध्याकाळी आजो तिथे एकटेच बसले होते आणि तारांची टोकं कधी या वाटीत, कधी त्या वाटीत बुडवून बघत होते.

शनिवारी दहाच्या ठोक्याला पालयेकर मॅडम आल्या. उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी टिपणीसच्या नोंदी वाचल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकूण एक सकाळ वाया. त्यांनी आजोंना हात चढवायला सांगितलं. आजो मागीलदारी होते. ते आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला खोबरेलाचा वास होता आणि उजव्याला साबणाचा. वडिलांचा नेम त्यांनी अर्धा मोडला होता आणि अर्धा पाळला होता. केतकीने मिठाच्या पाण्यातून पिळलेलं फडकं त्यांच्या उजव्या हातावरून एकदा फिरवलं, आणि आजोंनी हात चढवला.

पहिली परीक्षा अंड्याची. आजोंच्या बोटांनी अंडं उचललं, मॅडमच्या तळव्यावर ठेवलं, आणि त्याला साधा तडाही गेला नाही. दुसरी किल्लीची. किल्ली कुलपात गेली, फिरली, कुलूप उघडलं. टिपणीस दर खेपेला संदेशाची ताकद मोठ्याने सांगत होता आणि त्याचे आकडे वाढतच होते. तिसरं काम ज्याचं त्याने निवडायचं असतं. मॅडमनी विचारलं, की जगन्नाथराव, तुम्हाला काय करायचंय.

आजो लेथपाशी गेले आणि त्यांनी फडकं ओढून काढलं.

दोन वर्षांची धूळ उडाली. लेथ आधी कुरकुरला, मग फिरायला लागला. आजोंनी लाकूड चढवलं, दोन्ही हातांनी पटाशी धरली आणि टेकवली. पटाशी आधी लाकडावरून घसरली. मग आजोंनी डोळे क्षणभर मिटले, पटाशीची मूठ जरा आवळली, आणि लाकडाचा पहिला पांढरा छिलका सलग, लांबलचक, गुंडाळी होत जमिनीवर पडला. त्यामागून दुसरा. लाकडाला पोट आलं, मान आली, खाली टोक आलं. मग लाल लाख, मग पिवळी, मग हिरवी. भोवरा अजून गरम होता तेव्हाच आजोंनी तो नव्या हाताच्या दोन बोटांत धरून जमिनीवर सोडला, आणि तो एका जागी असा फिरला, की जणू तिथे कुणी रंगीत दिवा पेटवून ठेवलाय.

गल्लीतली माणसं एव्हाना दाराशी जमली होती. कुणीतरी शिट्टी मारली आणि मग टाळ्यांचा नुसता पाऊस. आई तोंडाला पदर लावून रडत होती. केतकी नाचत होती. आजोंचं मात्र भोवऱ्याकडेच लक्ष होतं. तो थांबेपर्यंत ते हलले नाहीत, आणि थांबल्यावर म्हणाले, की मान जरा जाड झाली, दुसरा करतो.

हात आजोंचाच राहिला, हे सांगायलाच नको. पण मॅडम निघेनात. त्यांनी केतकीला वाट्यांचा प्रयोग पुन्हा करायला लावला. मग त्या टिपणीसला म्हणाल्या, की संदेश क्षीण म्हणून आपण जे हात परत घेतले, त्यांची यादी काढ. टिपणीसने यादी काढली. किनारपट्टीच्या गावांतली तेवीस नावं होती आणि प्रत्येकापुढे तोच शेरा होता: स्नायू कमकुवत. किनाऱ्यावर घरोघरी खोबरेल लावतात, हे मॅडमना आठवलं. तेवीस घरांत माणसं स्वतःला दोष देत बसली असतील, एवढंच त्या पुटपुटल्या. मग त्यांनी सांगितलं, की रांगेतल्या कुणाचीही पाळी न चुकवता या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं, आणि हाताबरोबरच्या पत्रकात पहिलीच ओळ तेलाची आणि साबणाची घालायची. पुढच्या वर्षी वेगळ्या चकत्या करून बघू, तेलकट कातडीलाही ऐकतील अशा, म्हणजे कुणाला नेम मोडायला नको.

पहिलं नाव होतं दमयंती मेस्त, वय बावन्न, शिवणकाम. मॅडमनी नंबर लावला आणि फोन आजोंपुढे धरला. आजोंनी तो केतकीच्या हातात दिला. "तुका समाजला," ते म्हणाले, "तूच सांग."

पलीकडून थकलेल्या आवाजात कोण बोलतंय अशी विचारणा झाली. केतकीने नाव सांगितलं, केंद्राच्या हाताबद्दल फोन केलाय म्हणाली आणि लगेच मुद्द्याला हात घातला.

"काकू, तुम्ही सकाळी हाताला तेल लावता?"

"लावतंय तर, रोज. कित्या गो?"

"मग तुमचा हात कमकुवत नाही," केतकी म्हणाली. "तो कधीच नव्हता."

पलीकडे दमयंतीकाकूंनी घरातल्या सगळ्यांना नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली.